बॅडमिंटन पाहायचंय? मग मंगळवारी बसा

आपल्याकडे आयुष्यात एकदाही बॅडमिंटन खेळलेला नाही असा माणूस सापडणं कठीण. सोसायटीच्या आवारात, गच्चीवर, दोन झाडांना दोरी बांधून, नाहीतर जमिनीवर नुसती रेघ मारून आपण सगळेच कधी ना कधी खेळलोय. लहानपणी शटलला आम्ही फूल म्हणायचो आणि ते शेजाऱ्यांच्या पत्र्यावर गेलं की खेळ संपायचा. पण हाच खेळ जागतिक पातळीवर नियमित पाहणारे मात्र फार थोडे. बहुतेकांचा संबंध येतो तो ऑलिंपिकच्या पंधरा दिवसांत, किंवा सिंधू अंतिम फेरीत पोहोचल्याची बातमी आली की तेवढ्या रविवारी. ती हरली की टीव्ही बंद.

मला याची मनापासून हळहळ वाटते. कारण बॅडमिंटनची गोडी लागते ती मंगळवारी. एक अख्खी स्पर्धा, ड्रॉ (कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता) हातात घेऊन, पहिल्या फेरीपासून पाहिलीत तर पुढे तुम्हाला कुणी आग्रह करावा लागणार नाही. ते कसं करायचं, एवढंच इथे क्रमाने सांगतो.

आधी आठवडा समजून घ्या

जागतिक बॅडमिंटन महासंघाची, म्हणजे बीडब्ल्यूएफची, वर्ल्ड टूर ही वर्षभर चालणारी स्पर्धांची मालिका आहे. २०१८ साली ती सुरू झाली. त्याआधी तिच्या जागी सुपर सिरीज होती. या मालिकेतली नेहमीची स्पर्धा साधारण मंगळवारी सुरू होते आणि रविवारी संपते. पुरुष एकेरी, महिला एकेरी, पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी असे पाच गट असतात, आणि गटाच्या मुख्य फेरीत सहसा ३२ खेळाडू किंवा जोड्या. मंगळवार-बुधवारी पहिली फेरी, गुरुवारी दुसरी, शुक्रवारी उपांत्यपूर्व, शनिवारी उपांत्य, रविवारी अंतिम. म्हणजे विजेतेपदासाठी पाच सामने जिंकावे लागतात, आणि एक जरी हरलात तरी सामान आवरून पुढच्या गावाला.

आता करायचं काय? बीडब्ल्यूएफच्या संकेतस्थळावर स्पर्धेच्या काही दिवस आधी ड्रॉ जाहीर होतो. तो उघडा. क्रमवारीत वरच्या आठ जणांना मानांकन दिलेलं असतं, आणि ते ड्रॉमध्ये असे पसरवलेले असतात की पहिल्याच फेरीत एकमेकांसमोर येऊ नयेत. पहिल्या वेळी सगळा ड्रॉ वाचायच्या भानगडीत पडू नका. एका गटाचा फक्त एक चतुर्थांश भाग घ्या: आठ नावं. त्यात एखादा भारतीय खेळाडू असेल तर उत्तमच. कोण कुणाशी खेळणार, जिंकला तर पुढे कोण येणार, हे कागदावर लिहा आणि स्वतःचा अंदाजही शेजारी नोंदवा. अंदाज चुकायला लागले की खेळ कळायला लागतो, हा माझा अनुभव.

बिगरमानांकित खेळाडू मोठ्या नावाला घरी पाठवतात ते याच सुरुवातीच्या दिवसांत. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनमधल्या चांगझोऊ इथे चायना ओपन झाली. पहिल्याच फेरीत नागपूरच्या मालविका बनसोडसमोर इंडोनेशियाची ग्रेगोरिया मारिस्का तुनजुंग होती. महिन्याभरापूर्वीच पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक गळ्यात घालून आलेली. मालविकाने ती लढत २६-२४, २१-१९ अशी सरळ दोन गेममध्ये जिंकली आणि पुढे उपांत्यपूर्व फेरी गाठली. आठवड्याच्या मधल्या दिवशीचा सामना, त्यामुळे आपल्याकडे फार थोड्यांनी तो थेट पाहिला असेल. याच मालविकाने जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपनच्या दुसऱ्या फेरीत सायना नेहवालला हरवलं होतं. फक्त अंतिम सामने पाहणाऱ्याच्या वाट्याला अशा लढती येतच नाहीत.

स्पर्धांची उतरंड

वर्ल्ड टूरच्या स्पर्धा पायऱ्यांनी लावलेल्या आहेत आणि पायरीचं नाव आकड्यात असतं: सुपर १०००, ७५०, ५००, ३०० आणि १००. आकडा मोठा तितके क्रमवारीचे गुण जास्त, बक्षीस जास्त आणि येणारे खेळाडूही तगडे. सुपर १००० च्या चार स्पर्धा म्हणजे मलेशिया ओपन, ऑल इंग्लंड, इंडोनेशिया ओपन आणि चायना ओपन. दिल्लीची इंडिया ओपन २०२३ पासून सुपर ७५० झाली आहे. लखनौची सय्यद मोदी स्पर्धा सुपर ३००, तर गुवाहाटी आणि ओडिशा मास्टर्स सुपर १००. याच्याही खाली इंटरनॅशनल चॅलेंज, इंटरनॅशनल सिरीज असे थर आहेत. तिथे अठरा-वीस वर्षांची मुलं स्वतःच्या खर्चाने देशोदेशी जाऊन गुण जमवत असतात.

गुण कसे मोजतात हे कळलं की अर्ध्या बातम्या आपोआप कळतात. सुपर १००० च्या विजेत्याला १२,००० गुण, ७५० ला ११,०००, ५०० ला ९,२००, ३०० ला ७,००० आणि १०० ला ५,५००. क्रमवारीत मागच्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण धरतात, आणि नवी यादी दर मंगळवारी लागते. इथे एक खोच आहे. वर्ष झालं की जुने गुण गळून पडतात. समजा एखादीने मागच्या वर्षी सुपर १००० जिंकली आणि यंदा तिथेच ती उपांत्यपूर्व फेरीत हरली. तिला ६,६०० गुण मिळतील, पण जुने १२,००० जातील. म्हणजे एका हरण्यात ५,४०० गुणांचा खड्डा. म्हणून समालोचक "ती गुण राखायला आली आहे" असं म्हणतो. आणि म्हणूनच पाचव्या क्रमांकाची खेळाडू काहीही वाईट न खेळता एकदम नवव्या क्रमांकावर गेलेली दिसते.

क्रमवारीतल्या आघाडीच्या १५ एकेरी खेळाडूंना आणि १० दुहेरी जोड्यांना सुपर १००० आणि ७५० च्या स्पर्धा खेळणं बंधनकारक असतं. तंदुरुस्त नसताना खेळाडू कोर्टवर का उतरतात, असा प्रश्न नव्या प्रेक्षकाला हमखास पडतो. त्याचं एक कारण हे. मला स्वतःला हा नियम कडक वाटतो. ऑक्टोबरपर्यंत निम्म्या खेळाडूंच्या गुडघ्याला पट्टी दिसते.

वर्षाच्या शेवटी डिसेंबरमध्ये वर्ल्ड टूर फायनल्स होते. वर्षभराच्या वर्ल्ड टूरमधले प्रत्येक प्रकारातले फक्त पहिले आठ, आणि एका देशाचे जास्तीत जास्त दोन. चार-चारचे दोन गट पाडतात, त्यामुळे एक सामना हरूनही स्पर्धा संपत नाही. २०१८ मध्ये ग्वांगझोऊ इथे सिंधूने ही स्पर्धा जिंकली.

उतरंडीबाहेरच्या मोठ्या स्पर्धा

ऑल इंग्लंड वर्ल्ड टूरमध्ये मोडते, पण तिचा मान कुठल्याही आकड्याने मोजता येत नाही. १८९९ साली सुरू झालेली ही स्पर्धा १९९४ पासून बर्मिंगहॅमला होते. १९७७ पर्यंत जागतिक अजिंक्यपद स्पर्धाच नव्हती, त्यामुळे ऑल इंग्लंड जिंकणारा तोच जगज्जेता असं मानलं जाई. १९८० मध्ये प्रकाश पदुकोण यांनी इंडोनेशियाच्या लिएम स्वी किंगला हरवून ती जिंकली, २००१ मध्ये पुल्लेला गोपीचंद यांनी. त्यानंतर २०१५ मध्ये सायना आणि २०२२ मध्ये लक्ष्य सेन अंतिम फेरीत हरले. आपल्या मराठी माणसांना आणखी एक नाव माहीत हवं: सांगलीचे नंदू नाटेकर. १९५४ साली ते ऑल इंग्लंडच्या उपांत्यपूर्व फेरीत गेले, १९५६ साली मलेशियात सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले, आणि १९६१ मध्ये पहिल्या अर्जुन पुरस्कारांच्या मानकऱ्यांत होते. मुळात ब्रिटिश अधिकारी पुण्याच्या छावणीत हा खेळ खेळत तेव्हा त्याला "पूना" असंच म्हणत. एवढं जवळचं नातं असलेला खेळ आपण परका समजून पाहत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदा १९७७ मध्ये स्वीडनच्या माल्मो शहरात झाली. आता ती ऑलिंपिकचं वर्ष सोडून दरवर्षी होते. १९८३ मध्ये पदुकोणांनी कांस्यपदक आणलं, २०११ मध्ये ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी दुहेरीत, आणि २०१९ मध्ये बासेलला सिंधूने जपानच्या नोझोमी ओकुहाराला २१-७, २१-७ असं गुंडाळून सुवर्ण जिंकलं. पण नव्याने पाहणाऱ्याने आधी त्याच दोघींचा २०१७ चा ग्लासगोचा अंतिम सामना शोधून पाहावा. ११० मिनिटं. दुसऱ्या गेमच्या शेवटी ७३ फटक्यांची एक रॅली, म्हणजे एकाच गुणासाठी चाललेली फटक्यांची देवाणघेवाण, आहे. ती संपल्यावर दोघींनाही उभं राहवत नाही. १९-२१, २२-२०, २०-२२ असा सिंधू तो सामना हरली. मी तो चार-पाच वेळा पाहिलाय आणि शेवट माहीत असूनही दरवेळी हात घट्ट मिटतात.

ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटन १९९२ च्या बार्सिलोनापासून आहे, मिश्र दुहेरी १९९६ पासून. सायनाचं २०१२ चं कांस्य, सिंधूचं २०१६ चं रौप्य आणि टोकियोचं कांस्य ही आपली तीन पदकं. बाकी तपशील वर्तमानपत्रं त्या पंधरवड्यात देतातच.

सांघिक स्पर्धांबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या मते नवख्याला बॅडमिंटन सगळ्यात लवकर आवडतं ते इथे. पुरुषांचा थॉमस चषक १९४९ मध्ये सुरू झाला, महिलांचा उबेर चषक १९५७ मध्ये. दोन्ही सम वर्षांत एकत्र होतात. विषम वर्षांत सुदिरमन चषक. तो मिश्र संघांचा, पाचही प्रकारांतला एकेक सामना. थॉमस चषकात तीन एकेरी आणि दोन दुहेरी असे पाच सामने, तीन जिंकेल तो संघ पुढे.

मे २०२२, बँकॉक. भारत आजवर कधीच अंतिम फेरीत गेला नव्हता. उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाशी २-२ अशी बरोबरी, पाचव्या सामन्यात एच. एस. प्रणॉय उतरला आणि जिंकला. उपांत्य फेरीत डेन्मार्कशी पुन्हा २-२, पुन्हा पाचवा सामना, पुन्हा प्रणॉय. रासमुस गेम्केविरुद्ध खेळताना त्याचा घोटा मुरगळला. उपचार घेऊन, लंगडत, पहिला गेम गमावूनही त्याने सामना काढला. अंतिम फेरीत समोर १४ वेळा हा चषक जिंकलेला इंडोनेशिया. लक्ष्य सेनने पहिला गेम ८-२१ गमावला आणि पुढचे दोन घेतले. सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि आपला मुंबईकर चिराग शेट्टी यांनी मॅच पॉइंट (समोरच्याला सामना जिंकायला एकच गुण हवा अशी वेळ) वाचवून दुहेरी जिंकली. किदांबी श्रीकांतने जोनाथन क्रिस्टीला दोन गेममध्ये हरवलं. ३-०. प्रणॉयला त्या दिवशी उतरावंच लागलं नाही, तो राखीव खेळाडूंबरोबर कोर्टवर धावत आला. एकट्याचा मानला जाणारा खेळ संघाचा कसा होतो ते त्या आठवड्यात दिसलं. तिन्ही लढती क्रमाने पाहिल्यात तर कुठलंही पुस्तक शिकवणार नाही एवढं शिकाल.

गुणफलक आणि नियम: एवढं पुरतं

प्रत्येक गेम २१ गुणांचा, तीनपैकी दोन गेम. सर्व्हिस कुणाचीही असो, रॅली जिंकेल त्याला गुण. ही पद्धत २००६ पासून आहे. २०-२० झाले तर दोन गुणांची आघाडी हवी, पण २९-२९ झाले की ३० वा गुण घेणारा जिंकतो. कुणीतरी ११ गुणांवर पोहोचलं की ६० सेकंदांची विश्रांती, दोन गेमच्या मध्ये १२० सेकंदांची. या विश्रांतीत आवाज बंद करू नका. प्रशिक्षक खुर्चीवरून उठून जे सांगतो तेच पुढच्या दहा गुणांत दिसतं. (२०२५ मध्ये काही स्पर्धांत १५ गुणांच्या गेमचीही चाचणी घेण्यात आली, त्यामुळे कुठे वेगळा गुणफलक दिसला तर गोंधळू नका.)

सर्व्हिस करताना रॅकेट लागतं त्या क्षणी संपूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असायला हवं. ते पाहायला सर्व्हिस जज बसलेला असतो. एकेरीचं कोर्ट अरुंद, दुहेरीचं रुंद. पण दुहेरीत सर्व्हिस मात्र मागच्या रेषेच्या थोडी आतच पडावी लागते, म्हणून तिथे सगळे नेटला घासून जाणारी छोटी सर्व्हिस करतात. रेषेचा निर्णय पटला नाही तर खेळाडू हात वर करून चॅलेंज घेतो, म्हणजे कॅमेऱ्यावर तपासायला सांगतो. सामन्याला दोन चॅलेंज असतात, बरोबर ठरलं तर ते खर्ची पडत नाही. चॅलेंज केव्हा घ्यायचं हीसुद्धा कला आहे. १९-१९ ला एकही शिल्लक नसलेला खेळाडू पाहिला की पोटात गोळा येतो.

नजर कुठे ठेवायची

शटलच्या मागे धावू नका. शटलला १६ पिसं असतात, वजन साधारण पाच ग्रॅम, आणि सात्विकने २०२३ मध्ये एका नियंत्रित चाचणीत मारलेल्या स्मॅशचा (वरून जोरात खाली मारलेल्या फटक्याचा) वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेलाय. इतक्या वेगाने सुटलेलं शटल पिसांमुळे समोर पोहोचेपर्यंत कितीतरी हळू होतं, आणि याच फरकातून बॅडमिंटनची सगळी फसवाफसवी जन्मते. तोच हात, तीच उडी, आणि शटल नेटपाशी टपकन पडतं.

म्हणून एकेरीत फटका न मारणाऱ्याचे पाय पाहा. समोरचा मारणार त्याच्या क्षणभर आधी तो छोटीशी उडी घेऊन तोल सावरतो. ती उडी चुकली की गुण गेला, मग स्मॅश कितीही साधा असो. कोरियाची आन से-यंग खेळत असेल तर दहा मिनिटं फक्त तिचेच पाय पाहा. ती कोर्टच्या कुठल्याही कोपऱ्यातून मध्यावर परत येते ते इतकं सहज, की समोरचीला वाटतं आपण मारलेला फटकाच चुकला.

दुहेरीत जोडी उभी कशी आहे ते पाहा. एक पुढे, एक मागे असेल तर ते हल्ल्यात आहेत. दोघं शेजारी शेजारी असतील तर बचावात. हल्ल्यातून बचावात आणि पुन्हा हल्ल्यात, अशी अदलाबदल एका रॅलीत चार-पाच वेळा होते. सुरुवातीला दुहेरी नुसती धुमश्चक्री वाटते. उभं राहण्याची ही खूण कळली की ती उलगडते. जून २०२३ मध्ये जाकार्तात सात्विक-चिरागने इंडोनेशिया ओपन जिंकली, भारतीय जोडीचं पहिलं सुपर १००० विजेतेपद. तो अंतिम सामना सरावाला घ्या.

आणखी एक अदृश्य खेळाडू म्हणजे वारा. मोठ्या सभागृहातल्या वातानुकूलनामुळे हवेला ओढ असते. एका बाजूने मारलेलं शटल बाहेर जातं, दुसऱ्या बाजूने मारलेलं आखूड पडतं. २१-९, ११-२१ असा विचित्र गुणफलक दिसला तर खेळाडूला नावं ठेवण्याआधी कोण कुठल्या बाजूला होतं ते बघा. तिसऱ्या गेममध्ये ११ गुणांवर बाजू बदलतात त्याचं महत्त्व तेव्हा कळतं.

घड्याळ आणि दिनदर्शिका

जानेवारीत क्वालालंपूर, मग दिल्ली, मग जाकार्ता. मार्चमध्ये ऑल इंग्लंड. एप्रिल-मेमध्ये आशियाई अजिंक्यपद आणि सांघिक स्पर्धा. जूनमध्ये इंडोनेशिया ओपन. जाकार्ताच्या इस्तोरा स्टेडियममधला प्रेक्षकांचा गजर ऐकायला तरी पाहाच. जुलैत जपान आणि चीन, ऑगस्टच्या सुमारास जागतिक स्पर्धा, ऑक्टोबरमध्ये डेन्मार्क आणि फ्रान्स.

मलेशिया, सिंगापूर, चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, जपान आणि कोरिया साडेतीन तास. म्हणजे तिथले सकाळचे सामने आपल्याकडे पहिल्या चहाच्या वेळी सुरू होतात आणि संध्याकाळचे ऑफिसच्या वेळेत येतात. बर्मिंगहॅम मार्चमध्ये साडेपाच तास मागे. तिथलं संध्याकाळचं सत्र पाहायचं तर आपल्याकडे मध्यरात्र होणार. नोकरी सांभाळून सुरुवात करायची असेल तर इंडिया ओपन घ्या. एकतर वेळ आपलीच, आणि जानेवारीत सगळे ताजेतवाने असतात. सामना चुकला तर बीडब्ल्यूएफच्या यूट्यूब वाहिनीवर ठळक क्षण मिळतात. फक्त निकाल आधी वाचू नका.

आणि जमलं तर एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहा. तिकीट मंगळवार किंवा बुधवारचं काढा. ते स्वस्त असतं आणि एकाच वेळी तीन-चार कोर्टांवर सामने चालू असतात. बसायला कोर्टच्या लांब बाजूची जागा घेऊ नका, मागच्या रेषेच्या पाठीमागची घ्या. टीव्हीवर जी जाळी सपाट दिसते तिच्यावरून शटल किती वर चढतं आणि किती सरळ खाली येतं, ते तिथूनच कळतं. पहिला स्मॅश ऐकलात की लक्षात येईल की आवाजही टीव्हीने आपल्यापर्यंत कधी आणलाच नव्हता.